एकी-बेकी

आमच्या दुकानाला छप्पर एक, दारं दोन आणि मधोमध प्लायवूडची भिंत. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे माझे काका. आजोबांनी जुन्या पुस्तकांचं हे दुकान काढलं तेव्हा ते एकच होतं, आणि तेही इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागे. त्याचेही बाबा आणि काका या दोघा भावांनी दोन तुकडे केले. काका तिकडे शिंकले तर आमच्या फळ्या हलतात. पण माझ्या उभ्या जन्मात ते माझ्या वडिलांशी एक वाक्य धड बोलले नाहीत.

वाटणी कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. आजोबा गेल्यावर कपाटं निम्मी-निम्मी घ्यायचं ठरत होतं, तर बाबांना वाटे, कुठल्या कपाटात घबाड आहे ते दादाला ठाऊक आहे. काकांना वाटे, वडील जाता जाता धाकट्याच्या कानात काहीतरी सांगून गेलेत. शेवटी त्यांचे मामा मध्ये पडले. वर्तमानपत्रापलीकडे त्या गृहस्थांनी कधी काही वाचलेलं नव्हतं. ते म्हणाले, "पत्ते वाटतात तसं वाटा ना. एक त्याला, एक तुला. थोरल्यापासून सुरुवात करा." झालं. एकेक पुस्तक निघालं, एक इकडे, एक तिकडे. अनेक खंडांचे संच आले तरी कुणी थांबलं नाही, फक्त दर संचाला पुन्हा थोरल्यापासून सुरुवात. पहिला खंड काकांना, दुसरा बाबांना, तिसरा काकांना. कोश फुटले, इतिहास फुटले, कादंबऱ्यांचे पूर्वार्ध भिंतीपलीकडे गेले आणि उत्तरार्ध आमच्याकडे राहिले. आमच्या धंद्यात सुटा खंड म्हणजे एका पायातला जोडा. हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. पण दोघांचीही खात्री होती की समोरचा आठवडाभरात नाक मुठीत धरून येईल.

कुणीच आलं नाही. बाजाराने मात्र दोघांना नावं ठेवून टाकली. विषम आकड्यांचे खंड काकांकडे, म्हणून ते एकी. सम आकड्यांचे बाबांकडे, म्हणून ते बेकी. पोरं मुठीत खडे लपवून ओळखायला लावतात, त्या खेळातलेच शब्द. ज्या माणसाने जन्मात कुणाशी एकी केली नाही त्याला लोक एकी म्हणतात, याचं मला अजून हसू येतं आणि अजून चीड येते. शाळकरी पोरं या नावांना वेगळ्याच कारणाने खिदळायची, ते जाऊ दे.

गिऱ्हाइकांचे काय हाल झाले विचारू नका. आमच्याकडून दुसरा खंड घेऊन कुणी पहिल्यासाठी शेजारी गेलं की काका विचारायचे, "हा कुठून घेतलात?" शेजारून म्हटलं की, "मग पहिलाही तिथेच मागा." बाबाही काही संत नव्हते. ते म्हणायचे, "पहिल्या खंडात काही नाही हो, नुसती प्रस्तावना आहे."

तसे काका माणूस म्हणून दगड नव्हते. पुस्तकाला हात लावताना त्यांचा हात कसा हलका होतो ते मी पाहिलंय. पानं चिकटलेली असली तर तासन् तास बसून सोडवत. मी लहान असताना प्लायवूडखालच्या फटीतून माझ्यासाठी चित्रांची पातळ पुस्तकं सरकवायचे. बाबांच्या लक्षात आलं की ते मला वाचू द्यायचे आणि संध्याकाळी त्याच फटीतून परत सरकवायला लावायचे.

या सगळ्या फाटाफुटीत एका संचाचं फुटणं घरात सगळ्यांना लागलं. तो होता फुलांचा संच. सहा मोठे खंड, हिरव्या कातड्याची बांधणी आणि आत हाताने रंगवलेली फुलांची चित्रं. आजोबांनी तो उभ्या आयुष्यात एकेक खंड करून जमवला होता. एक रद्दीच्या ढिगात मिळाला, एकासाठी त्यांनी सायकल देऊन टाकली. सहावा हाती लागला तेव्हा त्यांनी सगळे जमिनीवर उघडून मांडले आणि दिवसभर दुकान बंद ठेवलं. हा संच सुटा करू नका, असं त्यांनी दोघांनाही बजावलं होतं. दोघांनीही मान डोलावली होती. मामांच्या पत्त्यांत तोही वाटला गेला.

काकांनी आपले तीन खंड रस्त्याकडच्या काचेच्या कपाटात लावले, तेही मधल्या खंडांच्या जागा मोकळ्या सोडून. बाबांना खिजवायलाच, दुसरं काय. बाबा रोज सकाळी दार उघडण्याआधी त्या कपाटासमोर क्षणभर थांबत. त्यांचे तीन खंड मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवलेले होते. एकदा मी म्हटलं, "विकून टाका ना, अर्धवट संच घेऊन काय करायचंय?" तर म्हणाले, "सहाही एकदा एका फळीवर बघायचेत मला. मग काय व्हायचं ते होऊ दे." बाबांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला एवढंच आठवतं.

आजी काकांकडे राहायची. ती गेली, त्यानंतर काही दिवसांनी बाबांनी धुतलेला शर्ट घातला, एक चपटं पुडकं काखेत मारलं आणि पलीकडच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागे होते. काकांनी गल्ल्यावरून मान वर केली आणि त्यांचा चेहराच पालटला. मला वाटलं, रागाने.

"दादा, जरा बोलायचंय."

"आई होती तोवर ठीक. आता इथे तुझं काय आहे?"

"ऐकून तर घे."

"भिंत घातलीय ती दिसत नाही का? चालता हो."

रस्त्यावरची माणसं बघत होती. बाबा परत आले आणि पुडकं सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिलं. काय आहे म्हणून मी विचारलं. म्हणाले, "त्याला द्यायचं होतं. राहिलं." त्या दिवसापासून काका माझ्या मनातून उतरले.

बाबांची आणखी एक खोड सांगायला हवी. कोपऱ्यावर दातांचा दवाखाना आहे, तिथे ते जाऊन बसत. दात तर त्यांचे शेवटपर्यंत खणखणीत होते. आई चिडवायची, "तिथे कोण आहे एवढं?" बाबा म्हणायचे, "पंखा छान आहे तिथला." आम्ही पोट धरून हसायचो.

मागच्या वर्षी बाबा गेले. काका अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागून चालले आणि कुणाशी न बोलता परत गेले. मी दुकान आवरायला काढलं. पेटीत तीन खंड होते, वरच्या फळीवर ते पुडकं होतं. सोडून पाहिलं तर आत फुलांची सुटी चित्रं. वाटलं, आजोबांनी जादा म्हणून कुठून तरी जमवलेली असतील. ठरवलं की आता भांडण गेलं खड्ड्यात. ज्याच्यासाठी भिंत होती तो माणूसच राहिला नाही. बाबांना बघायला मिळाले नाहीत, निदान मी तरी सहा खंड एका फळीवर बघेन.

दुपारी गिऱ्हाईक नसताना मी तीन खंड आणि पुडकं घेऊन पलीकडे गेले. काका आता पार थकलेत. तोंडाचं बोळकं झालंय, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. मी खंड त्यांच्या टेबलावर ठेवले.

"काका, तुमचे काढा. एकदा ओळीने लावू. बाबांची फार इच्छा होती."

"किल्ली सापडत नाही."

"गळ्यात आहे तुमच्या."

"कुलूप गंजलंय गं."

"काका."

ते उठले. कुलूप पहिल्या फेऱ्यात उघडलं. पहिला खंड काढायला मी दोन्ही हात लावले, कारण आमचे खंड उचलताना मनगट दुखतं. तो पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा अलगद वर आला. हिरवं कातडं होतं, सोनेरी अक्षरं होती. आत जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या भरलेल्या होत्या. तिसरा तसाच. पाचवा तसाच.

काका खुर्चीत बसले आणि बोलू लागले, अगदी गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशा आवाजात.

"फ्रेमवाला मागे लागला होता. एकच चित्र द्या म्हणाला, कुणाला तरी भिंतीवर लावायचंय. म्हटलं, नाहीतरी संच अर्धवटच आहे. दिलं काढून. एक पान काढलं की पुस्तक फुटलं गं. फुटलेल्या पुस्तकाची कसली इभ्रत? मग दुसरं गेलं, मग सगळीच गेली."

"आणि मजकूर?"

"रद्दीत."

आजोबांचा मुलगा, जुन्या पुस्तकांचा दुकानदार, आणि रद्दीत.

"त्यानंतर आई गेली आणि तुझा बाप दारात आला," काका म्हणाले. "समेट झाला असता तर पहिल्यांदा हेच कपाट उघडायला लावलं असतं त्याने. काय दाखवणार होतो मी? म्हणून हाकलला. भांडण केव्हाच विरलं होतं गं माझ्या बाजूने. पण मिटू देता येत नव्हतं."

म्हणजे माझ्या वडिलांनी एवढी वर्षं रोज सकाळी थांबून जे पाहिलं, ती नुसती कातडी होती. आणि तेव्हाच मला त्या पुडक्याचा अर्थ लागला. मी ते त्यांच्यासमोर सोडलं. एकेका चित्राच्या कडेने चौकटीची तपकिरी रेघ उमटलेली होती. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक आकडे, आधी खंडाचा, मग पानाचा. पहिला, तिसरा, पाचवा. एकही सम नाही.

"ही तर माझी," काका पुटपुटले.

"तुमचीच. लोकांच्या भिंतींवरून उतरवून, विकत घेऊन गोळा केली त्यांनी. त्या दिवशी हीच घेऊन आले होते तुमच्याकडे."

"त्याला माहीत होतं?"

"सगळं. तुम्ही बोलू दिलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं."

जुन्या सवयीने काकांचे हात आपोआप चालू झाले. चित्रं आकड्यांप्रमाणे लावली, एकावर एक बसवली, आणि मान वर करून म्हणाले, "एक कमी आहे. पहिल्या खंडातलं कमळ. अगदी पहिल्यांदा दिलं होतं ते."

एवढं सगळं होऊन या माणसाला कमी काय आहे ते दिसलं. पण कमळ कुठे आहे ते मला ठाऊक होतं. दातांच्या दवाखान्यात, बाकासमोरच्या भिंतीवर, पंख्याखाली; बाबांना जेवायला बोलवायला जायचे तेव्हा कितीदा पाहिलं होतं मी ते. डॉक्टरीणबाईंनी ते विकायला नकार दिला असणार. मग विकत मिळत नाही म्हटल्यावर माझे बाबा दात चांगले असताना तिथे जाऊन बसायचे, आणि आम्ही हसायचो.

ते मी काकांना सांगितलं, मुद्दाम सांगितलं. मग माझे तीन खंड उचलले.

"ते तरी इथे ठेव," ते म्हणाले. "एकदाच लावू."

"कशाच्या शेजारी लावू?" मी म्हटलं आणि निघून आले. चित्रं त्यांची होती, ती त्यांच्याकडे राहिली.

भिंत अजून आहे. काचेच्या कपाटात तीन हिरवी कातडी अजून उभी आहेत, मधल्या जागा मोकळ्या. पण काका आता दुपारचे दुकानात नसतात. तोंडात एक दात नाही, तरी दवाखान्यात जाऊन बाकावर बसतात. तिथली मदतनीस बाई परवा मला सांगत होती की ती विचारते, "आजोबा, काय होतंय?" ते म्हणतात, "काही नाही. बसतो जरा."