बावन्न वर्षांचा टीनएजर

नाटक होतं एकदा, किस्से पुरतात वर्षभर! आम्हा अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींत कुणाकडेही जेवायला जा, भात येईपर्यंत त्या म्युझिकलचा विषय निघतोच.

खूळ माझंच. जुन्या हॉलिवूड स्टुडिओंचे टीनएजर्सवरचे म्युझिकल सिनेमे मला भयंकर आवडतात. शाळा, मिल्कशेक, डान्स आणि घरी कडक बाप! म्हटलं, तसंच एक मराठीत बसवू, आपली मुलं आहेतच. आमच्यातल्या सुधीरची सोळा वर्षांची लेक रिया म्हणाली, "मावशी, टीनएजर तर आम्ही रोजच असतो. लेट अस प्ले द पेरेंट्स!"

झालं. आईबाप टीनएजर झाले आणि मुलं आईबाप. कडक बाप रिया, मिशीसकट. तिचा मुलगा आणि आमचा हिरो कोण? तर सुधीर, वय वर्षं बावन्न!

घरात मात्र दोघांचं वाजलेलं होतं. रियाला शाळेच्या डान्सला जायचं होतं आणि सुधीरचं दोन वर्षं एकच उत्तर, "पुढच्या वर्षी बघू." पोरगी रडून थकली होती. मला वाईट वाटायचं, पण दुसऱ्याच्या घरात बोलणार कोण?

*

हिरॉइन मीनल, म्हणजे सुधीरच्या मित्राची, अविनाशची बायको. पहिल्या तालमीला सुधीरने तिच्यापुढे गुडघा टेकला आणि म्हणाला, "वहिनी, माझ्याबरोबर डान्सला येता का?"

"अरे, प्रेयसी आहे ती!" मी ओरडले.

"हो, पण अविनाश समोर बसलाय यार!"

*

टेकलेला गुडघा परत उठेना! शेवटी डान्सच बदलला. दोन मित्र नाचत येतात आणि हिरोला काखेत हात घालून उचलतात. त्या स्टेपला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

*

मिल्कशेकचे ग्लास रिकामे ठेवायचे होते. पण घरी आलेल्याला कोरडं बसवणं मीनलच्या तत्त्वात बसत नाही. तिने ग्लासात चांगलं दाट पीयूष भरलं. स्ट्रॉमधून ते वर येईना, कुणी ओढणं सोडेना आणि गाणं सुरू झालं तेव्हा आठही टीनएजर्सचे गाल आत गेलेले!

*

आणि प्रयोगात तो प्रवेश आला. सुधीर विचारतो, "बाबा, मी डान्सला जाऊ?" रियाने फक्त म्हणायचं, "जा, मजा कर," की म्युझिक सुरू.

रियाने मिशीवरून हात फिरवला. "अभ्यास झाला? कोण कोण येणार? त्यांच्या आईवडिलांना आपण ओळखतो?"

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतंच! शब्द सुधीरचे, सूरही सुधीरचा. पहिल्या रांगेत त्याची बायको हसून हसून वाकली.

सुधीर चाचरला. "बाबा, सगळे जाताहेत."

"सगळ्यांनी विहिरीत उडी मारली, तर तूही मारणार? पुढच्या वर्षी बघू."

हॉलमधली झाडून सगळी मुलं उभी राहून टाळ्या पिटायला लागली. विंगेत माझा जीव टांगणीला. सुधीरने माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग खाली मान घालून पुटपुटला. कॉलरला माइक आहे हे विसरला होता. सगळ्या हॉलला ऐकू गेलं, "जाऊ दे ना गं मला. तूही जा."

रियाची मिशी थरथरली.

"जा, मजा कर!"