दादाच्या पोटात गेलेल्या माझ्या गोळ्या

माझा थोरला भाऊ रावजी पावसच्या बागांत झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबे उतरवतो. वय साठ, पण फांदीवर उभा राहून झेला असा फिरवतो की आंब्याला ओरखडा उठत नाही. शिमग्यात ग्रामदेवतेच्या पालखीला पुढचा खांदा गेली तीस वर्षं त्याचाच. ढोल वाजला की त्याला वय आठवत नाही. कुणाचं मन मोडणं मात्र त्याला या जन्मात जमलेलं नाही.

मी हरिश्चंद्र, त्याचा धाकटा. मुंबईत नोकरी करतो आणि गावी आलो की अक्कल पाजळतो. कोलेस्टेरॉल आम्हा दोघांनाही. जानेवारीत आलो तेव्हा रत्नागिरीच्या डॉक्टरांनी दादाला दिलेली गोळी पाहून मी हसलो.

"ही कसली गोळी? माझी घे. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरची आहे."

त्याची वीस मिलिग्रॅमची, माझी चाळीसची. मी सहा पट्ट्या त्याच्या हातात कोंबल्या आणि मोठे उपकार केल्यासारखा परत गेलो.

शिमग्याला आलो तर दादा भिंत धरून उठत होता. मांड्या पिळवटतायत म्हणाला. आदल्या दिवशी त्याने पालखी घरोघर नाचवली होती, म्हणून मी सगळ्यांदेखत म्हटलं, "दादा, म्हातारा झालास! आता खांदा सोड." सगळे हसले, तोही हसला. दुसऱ्या दिवशी माझ्या त्या टोमण्यापायी त्याने पुन्हा पालखी नाचवली. तो दिवस आठवला की मला माझंच थोबाड फोडावंसं वाटतं.

तिसऱ्या सकाळी सावित्रीवहिनींनी मला बाजूला घेतलं. "भावजी, ह्यांची लघवी कोऱ्या चायसारखी झालीय. पालखी नाचवून असा कधी झाला नाय."

रिक्षाने भाट्याच्या पुलावरून रत्नागिरीला नेलं. वहिनींनी घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घेतल्या होत्या, तेवढी अक्कल त्यांना होती. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या.

"हे एकच औषध आहे. कंपनी वेगळी, म्हणून नाव वेगळं. दोन्ही घेत होतात?"

दादाने मान डोलावली. डॉक्टरांची गोळी सोडायची त्याला भीती, आणि भावाने आणलेली टाकायची कशी?

"तिप्पट डोसामुळे स्नायू झिजून त्यांचा कचरा रक्तात उतरलाय. तो आता किडनीवर येतोय, वर ही पालखीची मेहनत. अंग दुखायला लागलं त्याच दिवशी यायचं होतं. ही दुसरी गोळी घ्यायला सांगितलं कुणी?"

"कोनी नाय, डॉक्टर. माझाच शानपना," दादा म्हणाला.

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. पट्ट्या गोळा करून पिशवीत भरू लागलो.

पाच दिवस सलाईन चालू होतं आणि मी लघवीच्या पिशवीचा रंग बघत बसलो होतो. डायलिसिस लागेल का, हे विचारायचीही हिंमत नव्हती. सहाव्या दिवशी रंग निवळला. किडनी वाचली. तेव्हा कुठे मी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "सध्या गोळी बंद. रक्त पुन्हा तपासून काय द्यायचं ते मी ठरवेन. तुम्ही नाही."

दादाची माफी मागायला खाटेशी गेलो. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्यानेच माझा हात धरला.

"हरी, तुझ्या गोळ्या डॉक्टरान बंद केल्यान रे. तू मनाला लावून घेव नको हां."