उचलायचा नाही, असं ठरलं होतं

कारखान्यात त्याला सगळे फिटरसाहेब म्हणत आणि घरी भाऊ. बाटल्या भरायची यंत्रं बसवण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. बाटलीत एक थेंब जास्त पडला तरी त्याला चैन पडत नसे, आणि झाकण किती घट्ट बसलंय हे तो नुसतं बोटांनी सांगे. अशा माणसाला तीन आठवडे परदेशी जाऊन नवं यंत्र बसवायचं होतं. यंत्राची त्याला काळजी नव्हती. काळजी होती ती फोनची.

मागच्या खेपेला तो आठच दिवस गेला होता, पण इथलंच सिमकार्ड तिथे वापरत राहिला. परत आल्यावर बिल बघून त्याचे डोळे पांढरे झाले होते. घरात तो आणि आई, दोघंच. त्यात आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. ते काम त्याच्या थोरल्या बहिणीने, ताईने, अंगावर घेतलं होतं. पण ताईचं घड्याळ पहिल्यापासून तिच्या मनाने चालायचं.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्याने आईला समोर बसवलं. आईचा फोन साधा, बटणांचा. त्यात तिला उचलणं आणि ठेवणं एवढंच यायचं, पण ते ती मनापासून करायची.

"मी रोज संध्याकाळी सहाला फोन करीन. तू उचलायचा नाही. दोनदा वाजून बंद झाला की समजायचं, मी ठीक आहे. मग एकचं बटण दाबून धरून मला तशीच दोनदा रिंग द्यायची. म्हणजे मला कळेल, थेंब घातले. उचलला नाही की पैसे पडत नाहीत."

"आणि थेंब घातले नसले तर?"

"तर रिंग द्यायची नाही."

"म्हणजे तू तिकडे काळजी करत बसणार."

"म्हणूनच थेंब घालायचे, आई."

आईने मान डोलावली. त्याने तिच्याकडून सगळं दोनदा वदवून घेतलं.

पहिल्या संध्याकाळी त्याने फोन लावला आणि पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"मी उचललेला नाहीये हं," आई म्हणाली. "नुसतं सांगतेय, रिंग पोचली."

दुसऱ्या दिवशी तिने तिसऱ्या रिंगला उचलला. "दोन झाल्या तरी बंद होईना. म्हटलं, याला काहीतरी झालं."

"माझ्याकडे दोनच वाजल्या होत्या."

"इथे तीन वाजल्या. मी मोजल्या ना."

तिच्याकडे जास्त वाजतात की त्याच्याकडे कमी, यावर दोघांचा वाद झाला, आणि तो वाद चढ्या दराने चार मिनिटं चालला. फोन ठेवल्यावर त्याने कपाळावर हात मारला. थेंबांचं विचारायचं राहूनच गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्याने तिथलं सिमकार्ड घ्यायचं ठरवलं. दुकानात रांग होती. त्याचा नंबर आल्यावर दुकानदारीण म्हणाली, पासपोर्ट दाखवा. पासपोर्ट हॉटेलात. तो जाऊन घेऊन आला, पुन्हा रांगेत उभा राहिला. मग तिने विचारलं, हॉटेलचा पत्ता? तो हॉटेलात जाऊन येत होता, पण पत्ता त्याला ठाऊक नव्हता. तिसऱ्या फेरीला कार्ड हाती पडलं. परदेशी फोन करायला दर अगदी किरकोळ होता, इंटरनेट मात्र त्यात नव्हतं. त्याने तिथेच फुटपाथवर उभं राहून आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच.

मग त्याला उमगलं. वर्षापूर्वी कोणीतरी बँकेतून बोलतोय असं सांगून आईला फसवायला निघाला होता, तेव्हा त्यानेच तिला बजावलं होतं, अनोळखी नंबर उचलायचा नाही. आयुष्यात तिने त्याची एवढी एकच सूचना पाळली होती.

चौथ्या दिवशी तिने उचलला एकदाचा.

"कोण बोलतंय?"

"आई, मी."

"मी म्हणजे कोण?"

"भाऊ."

"भाऊ काय, कोणीही म्हणेल. माझ्या कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं?"

"डाव्या."

"हे दवाखान्यातल्या कुणालाही माहीत असणार," असं म्हणून तिने फोन ठेवून दिला.

शेवटी उरला इंटरनेटवरचा फुकट कॉल. तसा फोन ताईकडे होता. पण हॉटेलचं वायफाय त्याच्या खोलीत येत नव्हतं. काउंटरवरचा माणूस गोड हसून म्हणाला, तळघरात छान येतं. तळघरात कपडे धुवायची यंत्रं होती. तिथे एका गरम ड्रायरला पाठ लावून उभं राहिलं तर दोन रेघा यायच्या. तो सहा वाजता तिथे घामाघूम उभा राहिला. पडद्यावर आधी ताईचं छत दिसलं, मग तिचं अर्धं कपाळ.

"थेंब घातले का?" त्याने ओरडून विचारलं.

"घा..." ताई म्हणाली, आणि तोंड उघडं असतानाच तिचं चित्र गोठलं.

घातले, की घालते, की घालायचेत? तो बराच वेळ त्या उघड्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मग कॉलच तुटला.

पुढचे दोन दिवस ताईचा फोन लागला नाही आणि आईने उचलला नाही. नवव्या दिवशी कामावर त्याच्या हातून जे कधी झालं नव्हतं ते झालं. झाकणं बसवणाऱ्या भागाचा स्क्रू त्याने उलटा फिरवला आणि ओळीने चाळीस बाटल्या तिरक्या झाकणांनी बाहेर पडल्या. तिथल्या सुपरवायझरने त्यातली एक बाटली उचलून त्याच्यापुढे ठेवली. ते त्याला फार लागलं.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. कारखान्याचं वायफाय त्याला आदल्याच दिवशी मिळालं होतं. इंटरनेटवरचा कॉल, नंबर अनोळखी. उचलला तर पडद्यावर औषधांची कपाटं, आणि त्यांच्यापुढे आई, स्टुलावर ऐसपैस बसलेली.

"दिसतोयस की तू," ती म्हणाली. "वाळलास."

"आई, हा कुणाचा फोन?"

"आपल्या खालच्या औषधवाल्याचा. मी म्हटलं, मुलाशी बोलायचंय. तो म्हणाला, बसा. तुझा नंबर डायरीत होता, त्याने लावून दिला. झालं."

त्या औषधवाल्याशी भाऊचा स्कूटर लावण्यावरून वाद झाला होता आणि तीन वर्षं अबोला होता. आता त्याचंच डोकं पडद्यात शिरलं.

"डोळा छान आहे आईंचा," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवसापासून थेंब मीच घालतोय. ताईंचा हात थरथरतो. त्यांचा फोनही पाण्यात पडलाय."

 नऊ दिवस भाऊने दोन सिमकार्डं, एक करार आणि एका तळघराशी झुंज घेतली, आणि आईने एक जिना उतरून प्रश्न मिटवला. त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण आधी राग आला.

"चारदा थेंब घालतोस?" त्याने विचारलं. तीन वर्षांत त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"आठ, बारा, चार, आठ. लिहून ठेवलंय," औषधवाला म्हणाला.

"बरं," भाऊ म्हणाला. मग थांबून, "बरं झालं."

त्यानंतर फोन दिवसातून चारदा येऊ लागला, थेंबांबरोबर. भाऊ यंत्राखाली आडवा पडलेला असे, हात तेलाने माखलेले, आणि खोक्यावर ठेवलेल्या फोनमधून आई त्याला गिऱ्हाइकांच्या खोकल्याचे प्रकार सांगे. ठेव म्हटलं की म्हणे, "फुकट आहे ना, मग कशाला घाई करतोस?" एकदा तर ती फोन काउंटरवर तसाच ठेवून निघून गेली, आणि तो अर्धा तास कोणा परक्या बाईची पोटदुखी ऐकत बसला. तरी त्याने तो बंद केला नाही. हात कामात होते, असं त्याने स्वतःला सांगितलं.

यंत्र वेळेवर सुरू झालं. तो परत आला तेव्हा डोळा स्वच्छ झाला होता. त्या संध्याकाळी जेवताना दोघं समोरासमोर बसली. डॉक्टर काय म्हणाले हे त्याने विचारलं, तिने सांगितलं, आणि बोलणं तिथेच संपलं. तो वर्तमानपत्र चाळू लागला.

आईने आपलं ताट उचलून ठेवलं.

"तिकडे होतास तेव्हा ऐकायचास तरी," ती वैतागून म्हणाली, आणि चपला घालून खाली औषधांच्या दुकानात गेली.