पानेमामा धर्मपिता होतात

भाचीने विचारलं तेव्हा पानेमामा तिच्याच स्वयंपाकघरात सिंकखाली डोकं घालून उताणे पडले होते. गळक्या पाइपचा वॉशर बदलणं चालू होतं. भाची महिन्याभराच्या लेकीला खांद्यावर थोपटत शेजारी उभी होती. "मामा, हिच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहशील का?" मामा घाईघाईने उठायला गेले आणि टाळकं सिंकवर आपटलं. होकार त्यांनी टेंगूळ चोळत दिला.

पानेमामा प्लंबर. हातात सदा पाना, म्हणून हे नाव, आणि आता खरं नाव घेऊन हाक मारली तर त्यांचं त्यांनाच कळणार नाही. वय बावन्न, लग्न केलं नाही. धाकटी बहीण ऐन तिशीत विधवा झाली तेव्हा भाची सहा वर्षांची होती. तेव्हापासून शाळेतल्या पालकसभेला मामाच जायचे, पॅंटला पाइपचा डिंक लागलेला असायचा तसेच. एरवी जगाने त्यांना मानाने कुठे बोलावलं नव्हतं. लग्नाकार्यात आमंत्रण यायचं, पण पोचल्या पोचल्या कुणीतरी कानाशी लागून विचारायचं, टाकी भरली का ते जरा बघता का? मामा बघायचे. आज पहिल्यांदा कुणीतरी पाना बाजूला ठेवून या म्हणालं होतं.

मग काय, माणूस हवेतच तरंगायला लागला. दोन दिवसांत ज्या ज्या घरचा नळ दुरुस्त झाला त्या त्या घरी ही बातमी पोचली. बाप्तिस्म्याची मेणबत्ती धर्मपित्याने आणायची असते, तर मामांनी तीन आणल्या, न जाणो एखादी पेटलीच नाही तर. बाळ हातात धरायची सवय नव्हती, म्हणून पाच किलो पांढऱ्या सिमेंटची पिशवी कुशीत घेऊन ते खोलीत येरझाऱ्या घालू लागले. पिशवीच्या डोक्यावर पाणी घालून बघायचा मोह तेवढा त्यांनी आवरला, नाहीतर तालमीतलं बाळ जन्माचं घट्ट झालं असतं. धर्ममाता ठरली होती जावयाची बहीण. पांढरा झगा ती आणणार होती. तारीखही ठरली, तीन आठवड्यांनंतरचा रविवार.

एवढं सगळं सुरळीत चाललं होतं आणि मामा अर्ज भरायला चर्चच्या कचेरीत गेले.

कचेरीतल्या बाई काटेकोर. धर्मपित्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला हवा आणि दृढीकरणही. दृढीकरण म्हणजे लहानपणी आईबापांनी आपल्या वतीने दिलेला शब्द, तो मोठेपणी बिशपांसमोर आपण स्वतः पक्का करायचा. मामा याच चर्चचे, त्यामुळे दाखला आणायला कुठे जावं लागणार नव्हतं. बाईंनी बावन्न वर्षांपूर्वीची जाडजूड वही काढली, मामांची नोंद शोधली आणि शेजारच्या समासावर बोट ठेवलं. दृढीकरणाची तारीख तिथे लिहितात. मामांचा समास कोरा होता. लिहिणाऱ्याची चूक झाली असेल, असं बाई समजुतीने म्हणाल्या. चूक लिहिणाऱ्याची नव्हती, हे मामांना मात्र पक्कं ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. चौदाव्या वर्षी बिशप येणार म्हणून वर्गात तयारी चालू होती. त्या काळी दृढीकरणात कपाळाला तेल लावून झालं की बिशप गालावर हलकेच टिचकीवजा चापट मारत, सहन करायला शिक म्हणून. थोरल्या मुलांनी मामांना सांगितलं की ज्याला प्रश्नाचं उत्तर येत नाही त्याच्या थोबाडीत बसते, आणि अशी बसते की गेल्या वर्षी एकाचा दात पडला. मामांना एकही उत्तर येत नव्हतं. ऐन वेळी ते चर्चच्या मागच्या पाण्याच्या टाकीआड जाऊन बसले. धाकटीला गोवर आलेला, त्यामुळे आईवडील घरीच होते. मुलं होती साठ, एक कमी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. घरी येऊन झालं म्हणून सांगितलं. आईने कौतुकाने मनगटी घड्याळ दिलं. ते मनगटावर चढल्यावर खरं सांगायची हिंमत कुठून येणार? एका दिवसाची थाप अडतीस वर्षं चालली.

त्या संध्याकाळी मामांनी भाचीच्या घरी सगळं सांगून टाकलं. जावई हसू दाबायला खिडकीशी गेला. बहीण मात्र भडकली. नातेवाइकांना कळवून झालंय, जावयाची आई लांबून येणार आहे, आणि हा बाबा टाकीमागे लपलेला! भाचीच्या थोरल्या दिरांना विचारा, त्यांचं सगळं रीतसर झालेलं आहे, असं तिने जाहीर केलं. मामांनी मान हलवली. आपण बाजूला होतो म्हणाले, तेही अगदी सहज म्हटल्यासारखं, पण मेणबत्त्यांची पिशवी काही त्यांच्या हातून खाली ठेवली जाईना.

भाचीने फादरांना फोन लावला आणि बिशप पुन्हा कधी येणार आहेत ते विचारलं. सात आठवड्यांनी. तिने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"मग बाप्तिस्मा आठव्या आठवड्यात," ती म्हणाली.

"अगं, पण लोक काय म्हणतील?" बहिणीने विचारलं.

"आई, माझ्या शाळेच्या दाखल्यावर सही कुणाची? दवाखान्यात रात्रभर बाकावर कोण बसलं होतं? माझ्यासाठी जो उभा राहिला तोच माझ्या लेकीसाठी उभा राहील. त्याच्यासाठी थांबायचं म्हणजे काही उपकार नाहीत."

मामांनी उगाच सिंकचा नळ उघडून बंद केला, गळतोय का बघायला.

पुढचे सहा रविवार पानेमामा चौदा वर्षांच्या पोरापोरींबरोबर बाकावर बसले. बाक लहान, गुडघे मोठे. उत्तरं इतकी पाठ केली की शिकवणाऱ्या बाईंनी शेवटी सांगितलं, इतरांनाही हात वर करू द्या. दृढीकरणालाही मागे कुणीतरी उभं राहावं लागतं, तेव्हा भाचीने फादरांना परस्पर स्वतःचं नाव देऊन टाकलं. त्या दिवशी ती मामांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. नव्या बिशपांनी कपाळाला तेल लावलं, चापट वगैरे काही नाही. खांद्यावरचा हात शेवटपर्यंत हलला नाही. दुसऱ्याच दिवशी कचेरीतल्या बाईंनी समासात तारीख लिहिली आणि मामांनी ती तीनदा वाचली.

बाप्तिस्म्याच्या रविवारी चर्च भरलं होतं. जावयाची आई आली होती, थोरले दीरही आले होते. धर्ममातेने झगा आणला. मामा कोटात घामाघूम. फादरांनी विचारलं, या बाळाच्या आईबापांना त्यांच्या कर्तव्यात साथ द्यायला तुम्ही तयार आहात का? तयार आहोत, असं दोघांनी मिळून म्हणायचं होतं. धर्ममाता म्हणाली. मामांचा आवाज फुटेना. ओठ नुसते हलत होते. फादर थांबले. सगळं चर्च थांबलं. बहिणीने पदर तोंडाला लावला.

"मामा, मोठ्याने बोलावं लागेल," फादर हळूच म्हणाले.

"तयार आहे," मामा म्हणाले. "फादर, हिची आई सहा वर्षांची होती तेव्हापासून तयार आहे."

भाची हसता हसता रडायला लागली. फादरांनी छोटीच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतलं, तिने टाहो फोडला, आणि मामांनी तिचं ओलं डोकं टॉवेलने हलक्या हाताने पुसलं.