घर जिथल्या तिथे

पुरात पडलेलं घर पुन्हा त्याच जागी बांधून मागणं, याला तुम्ही न्याय म्हणाल का? मी म्हणालो होतो. पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात नाल्याकाठची घरं पुरात गेली, तेव्हा त्या लोकांना गावाच्या वरच्या अंगाला, उंचावर जागा मिळत होती. मला त्यात गरिबांना गावाबाहेर काढण्याचा डाव दिसला. मी पत्रक काढलं, ‘घर जिथल्या तिथे’. मोर्चा नेला आणि आम्ही जिंकलो.

परवा नाल्याकाठच्या एका अक्कांच्या नव्या ओट्यावर चहा घेत बसलो होतो. आत त्यांची नात पाळण्यात झोपली होती. अक्का नव्या भिंतीवरून हात फिरवत हसल्या.

“भाऊ, तुन्हा कागदमुळे घर जठलं तठे भेटनं. आते पानी बी जठलं तठेच यी ना?”

मी कप खाली ठेवला आणि वरच्या जागेची चौकशी करायला निघालो.

वरची जागा अजून रिकामी आहे. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत ती आता आपणहून मागायची आहे. या वेळी अक्का बोलतील, मी खाली बसेन. तुम्ही आमच्या गावचे असाल तर या, आणि त्यांच्यासाठी हात वर करा.