सेटवर न म्हटलेली प्रार्थना

त्या हिवाळ्यात आमची कंपनी उत्तरेकडे, बर्फातल्या पोस्टवर होती. मी तेव्हा नायक हुद्द्यावर होतो, रेडिओ ऑपरेटर. चौदा वर्षं नोकरी झालेली. आता नायब सुभेदार होऊन पेन्शनवर आलो आहे आणि मोहगावला संत्र्याची बाग पाहतो. पंधरा ऑगस्टला सौंसरच्या शाळेत बोलावतात, तेव्हा मी बर्फाच्या आणि रायफलच्या गोष्टी सांगतो. ही गोष्ट सांगितली नाही.

पोस्टवरचा दिवस ठरलेला असे. साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे रायफल घेऊन मोर्च्यावर तयार राहणं, सहाला चहा, त्यानंतर दर तासाला प्रत्येक पोस्टकडून 'ऑल ओके' घ्यायचं आणि लॉगबुकात वेळ लिहायची. रेडिओ सेटचा नियम साधा आहे. बटण दाबून एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आमच्या फ्रिक्वेन्सीवर माझ्याखेरीज पाच सेट होते, त्यातला एक लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात. म्हणजे मी जे बोलेन ते पाच ठिकाणी ऐकू जायचं. खासगी बोलणं बंद.

माझ्या बंकरमध्ये नायक सिलास मिंज राहायचा. झारखंडचा, सिमडेगाकडचा. कंपनीत ख्रिस्ती तो एकटाच. रविवारी मंदिर परेड असे. फौजेत ती सगळ्यांची परेड असते, कोणाचा धर्म कोणताही असो. सिलासही यायचा, बूट काढून शेवटच्या ओळीत बसायचा. परत आला की स्टोव्हवर चहा ठेवायचा आणि चहा उकळेपर्यंत आपलं छोटं पुस्तक उघडून वाचायचा. मी आधी चहासाठी बसलो. नंतर ऐकू लागलो.

एकदा विचारलं, "मिंज, तू तो पैदा ही ईसाई हुआ न?"

"पैदा तो घर में हुआ. माना बाद में. बाईस साल का था."

"माना मतलब?"

"मतलब तब तक बाप का बोला हुआ बोलता था. एक दिन खुद बोला कि प्रभु, मेरे को तू चाहिए. बस."

मला ते फार साधं वाटलं आणि कळलंही नाही. आमच्या घरी देव आजोबांकडून बापाकडे आणि बापाकडून माझ्याकडे आलेला. त्याला 'मला तू हवास' असं म्हणायची वेळच कधी आली नव्हती.

तीन महिन्यांत येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना मला हिंदीत पाठ झाली. आम्ही दोघं ती म्हणायचो, आवाज बंकरच्या बाहेर जाणार नाही असा. एका रविवारी मी म्हणालो, "मैं भी मानता हूँ."

त्यानं कपावरून मान वर केली. "मेरे को खुश करने के लिए मत मान. मेरी तो पोस्टिंग कट जाएगी, फिर किसको खुश करेगा?"

दोघंही हसलो. पण तो बोलला ते खरं होतं, आणि ते मला टोचलं.

मग लंगरातली गोष्ट. दुपारी जेवणाच्या रांगेत कुकनं सगळ्यांसमोर मला विचारलं, "क्यों पादरीजी, आज दाल पे भी प्रार्थना पढ़ दें क्या?" वीस-बावीस जवान हसले. मी ताबडतोब म्हणालो, "अरे छोड़ यार, मैं तो चाय के लिए बैठता हूँ उसके पास." सिलास माझ्या मागे दोन माणसं सोडून उभा होता. हातात मेसटिन, जेवणाचा डबा. त्याला ऐकू गेलं असणारच.

पुढच्या रविवारी त्यानं नेहमीसारखे दोन कप भरले. एक माझ्यापुढे सरकवला. "ले. चाय के लिए बैठ."

त्यानंतर पुस्तक उघडलं. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी साडेआठला लिंक पेट्रोल, म्हणजे दोन पोस्टमधली गस्त, वरच्या पोस्टकडे निघालं. पाच जण. कमांडर सिलास. कॉल साइन, म्हणजे सेटवरचं नाव, टायगर टू. मी बेसवर, टायगर. नऊला ऑल ओके. दहाला ऑल ओके. दहा वाजून अठरा मिनिटांनी उतारावरचा बर्फ सुटला. चौघं कडेला फेकले गेले आणि वाचले. सिलास नाल्यात गेला, कमरेपर्यंत गाडला गेला. सेट त्याच्या पाठीवर होता. बाकीच्या चौघांना वरून खाली उतरायला वाट राहिली नव्हती.

"टायगर, टायगर टू. नीचे का हिस्सा पता नहीं चल रहा. ओव्हर."

कंपनी कमांडर मेजर साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. रेस्क्यू पार्टी दहा पंचवीसला निघाली. सरळ वाट बर्फानं बंद झालेली, वळशानं अंतर तीन तासांचं. साहेबांनी हुकूम दिला, त्याला बोलतं ठेवा, पण बॅटरी सांभाळा. दर पाच मिनिटांनी एक कॉल. मी केले. त्याचा आवाज प्रत्येक वेळी थोडा जड व्हायचा.

दहा बावन्नला हाक त्याच्याकडून आली. आधी कॉल साइन, मग माझं नाव. सेटवर नाव घेत नाहीत. त्यानं घेतलं.

"प्रार्थना बोल दे यार. मेरे से पूरी नहीं हो रही. ओव्हर."

साहेब सिगरेट पेटवायला बंकरच्या तोंडाशी गेले होते. सेटपाशी मी एकटा होतो. बटणावर अंगठा होता. प्रार्थना तोंडपाठ होती. पण पाचही सेट उघडे होते. लंगरातला सेट उघडा होता. तो कुक ऐकत असेल, बावीस जण ऐकत असतील, हे माझ्या डोक्यात आलं. माणूस मरत होता आणि माझ्या डोक्यात हे आलं.

मी बटण दाबलं. म्हणालो, "टायगर टू, बैटरी बचाओ. वेट. आऊट."

'आऊट' म्हणजे बोलणं संपलं, उत्तर नको. फौजी माणूस आऊट ऐकल्यावर उलट कॉल करत नाही. सिलासनं केला नाही. दहा सत्तावन्नला मी हाक दिली. अकरा दोनला दिली. उत्तर आलं नाही. रेस्क्यू पार्टी एक वाजून दहा मिनिटांनी पोहोचली, तोवर सिलास गेला होता. बॅटरी अर्धी शिल्लक होती.

चौकशीत लॉगबुक तपासलं गेलं. मेजर साहेब चांगले अधिकारी होते, त्यांना काही माहीत नव्हतं. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "ऐसे टाइम पे भी रेडिओ डिसिप्लिन रखा. शाबाश." मी सॅल्यूट केला.

त्यानंतर नऊ वर्षं नोकरी केली. रविवारच्या मंदिर परेडला गेलो, शेवटच्या ओळीत बसलो. प्रार्थना एकदाही म्हटली नाही. तोंडात आली की गिळायचो.

पेन्शनवर आल्यावर पांढुर्ण्याच्या एका लहान प्रार्थनाघरात जाऊन पास्टरला सगळं सांगितलं आणि म्हणालो, मला बाप्तिस्मा द्या. मला वाटलं, ते खूश होतील. त्यांनी मला समोर बसवलं. मग म्हणाले, "सुभेदार साहेब, हे तुमी सिलाससाठी करून राहिले का सोतासाठी?"

"सिलाससाठी."

"मंग घरी जा. त्याचं तो पाहून घेईन. तुमचं झालं की या."

राग आला. दीड वर्ष गेलो नाही.

मग गेल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी बागेत झाडांची आळी करत होतो. आजूबाजूला कोणी नव्हतं. फावडं टेकवून उभा राहिलो आणि मोठ्यानं बोललो. पाठ केलेलं काही नाही, हिंदीही नाही. घरच्या बोलीत. "येशू, मी भेलो होतो. मी तसाच हावो, भित्रा. मले माफ कर. मले तू पायजे." पहिल्यांदाच मी सिलासची माफी मागत नव्हतो. त्याच्याकडून मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होतो, आणि तो ऐकून राहिला आहे याची मला खात्री होती. ती कशी आली, ते मला सांगता येणार नाही. आळी पूर्ण करून घरी गेलो.

सुशीलाला, म्हणजे बायकोला, त्याच दुपारी सांगितलं. ती कापूस निवडत होती. हात थांबले.

"मंग आता आमाले सोडून जाता का?"

"कुठं जाऊन राहिलो मी? इथंच तं हावो."

"आन् देवघरात दिवा?"

"तू लाव. मी आडवा येत नाही. फक्त मी हात जोडीन ते येशूलेच."

"भाऊजी बोलतीन."

"बोलू दे."

"तुमी इतके वर्सं नाही बोलले, आता बोलून राहिले," ती म्हणाली आणि पुन्हा कापूस निवडू लागली. भाऊ बोलला. चार महिने झाले, अजून माझ्या ओट्यावर चढला नाही. तो बसायचा ती जागा रिकामी दिसते. त्याची वाट पाहतो.

धर्म बदलायचा तर कायद्याप्रमाणे कलेक्टर ऑफिसात साठ दिवस आधी लिहून द्यावं लागतं. दिलं. बाबूनं चष्म्यावरून पाहिलं. "सुभेदार साहेब, कोणी भुलवलं तं नाही न जी?" म्हटलं, भुलवलं असतं तर इतका उशीर झाला नसता.

मुदत संपल्यावर प्रार्थनाघरामागच्या टाक्यात बाप्तिस्मा झाला. सुशीला आली होती. आत आली नाही, बाहेर कोरडे कपडे घेऊन उभी राहिली. "सर्दी होईन तुमाले," एवढंच म्हणाली.

पास्टरनं वही उघडली. काही जण नवीन नाव घेतात, तुमचं सिलास लिहू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. बापानं ठेवलेलं माझं नाव सांगितलं. सिलास हे नाव ज्याचं होतं त्याचंच राहू द्या.

नायक सिलास मिंज. वय एकोणतीस. गाताना सूर कधी लागला नाही, तरी सगळ्यांत मोठ्यानं गायचा. चहात साखर जास्त टाकायचा. बर्फात पुढे चालायचा आणि मागच्याला म्हणायचा, माझ्या पावलात पाऊल ठेव. त्याच्याशी मला अजून बोलायचं आहे.