कळंबला आलेले चाचणेसाहेब

रुचिताचं घर चौकला, जुन्या हायवेला लागून. खाली वडिलांचं गॅरेज, वर तिचं ऑफिस. म्हणजे एक टेबल, एक लॅपटॉप आणि खालच्या ठोकाठोकीपासून कान वाचवायला हेडफोन. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी ती वेबसाइट तपासते. स्वतः क्लिक करत बसायचं नाही. ब्राउझर आपोआप उघडेल, माणसासारखी बटणं दाबेल आणि कुठे बिघडलंय ते सांगेल, असा प्रोग्राम लिहायचा.

गेल्या हिवाळ्यात तिच्या वाट्याला सुट्टीच्या खोल्या बुक करायची साइट आली, आणि तिची चाचणी रोज शेवटच्या बटणापाशी मरायला लागली. तारीख निवडली की साइट भाडं मोजायला घ्यायची. तोवर आकडा शून्य दिसायचा, मग एक-दोनदा बदलायचा, आणि 'बुक करा' हे बटण समोर असूनही दाबलं जायचं नाही. माणूस थांबला असता. प्रोग्राम बटण दिसलं की दाबून मोकळा.

"दहा सेकंद झोपव त्याला," टीमचा प्रमुख विकास फोनवर म्हणाला.

"कधी तीन सेकंदांत होतं, कधी चौदा लागतात."

"मग वीस झोपव."

रुचिताने फोन ठेवला आणि थांबण्याची स्वतःची अट लिहायला घेतली. दर अर्ध्या सेकंदाला बघ. भाडं शून्य नाही ना? लागोपाठ तीनदा तोच आकडा आहे ना? बटण दाबण्याजोगं झालंय ना? तिन्हीला होय मिळालं तरच पुढे जा. तीस सेकंदांत नाही मिळालं, तर कशापायी अडलं ते सांगून थांब. यात दोन दिवस गेले.

गुरुवारी दुपारी चाचणी पहिल्यांदा तडीस गेली. 'आपली खोली बुक झाली आहे!' रुचिताने खुर्चीतच गिरकी घेतली. नशिबाने गेली असेल म्हणून पुन्हा चालवली. पुन्हा पास. अशी लागोपाठ सहा वेळा पास. तिने वडिलांना वर बोलावलं. ऑइलचे हात पुसत त्यांनी स्क्रीनकडे नीट पाहिलं.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "पण झालं काय?"

सातव्यांदा चाचणी पडली. 'खोली शिल्लक नाही.'

रुचिताने अट वरून खाली वाचली, खालून वर वाचली. तीनदाचं चारदा केलं, पाचदा केलं. तासभर ती स्वतःलाच बोल लावत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"चाचणेसाहेब हायत का?" एका बाईंचा आवाज. "मी कळंबवरनं भागूबाई बोलतेय, खोल्यावाली. शनवारच्या माज्या सहाच्या सहा खोल्या सायबांनी घेतल्यात. तर इचारायचं व्हतं, मंडळी कोंबडी खाणार का?"

रुद्र चाचणे या गृहस्थांना रुचितानेच जन्माला घातलं होतं, चाचणीपुरतं; फोन नंबर मात्र स्वतःचा दिला होता. सेटिंगमध्ये कुणीतरी सरावाच्या साइटऐवजी खऱ्या साइटचा पत्ता ठेवला होता. इतके दिवस ते कळलंच नाही, कारण चाचणी शेवटपर्यंत कधी पोचलीच नव्हती.

"मावशी, चाचणेसाहेब नाहीयेत हो."

"अगं बाय! कदी गेले?"

"गेले नाहीत! म्हणजे... ते नव्हतेच कधी."

तिने सगळं समजावून सांगितलं. भागूबाईंनी ऐकून घेतलं. "ते ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पण डोंबिवलीच्या मंडळींना मी आत्ताच नाय म्हनून सांगितलं. त्यांनी दुसरीकडं घेतल्या खोल्या. आता माजा शनवार रिकामाच ना गं?"

रुचिताने विकासला फोन लावला.

"चांगली बातमी आधी सांगते. अट चालते."

दुसरी बातमी ऐकून विकासने शनिवारची तारीख विचारून घेतली. मग म्हणाला, "आपण टीममध्ये किती जण?"

"अकरा."

"कोंबडी सांग त्यांना."

शनिवारी पुण्याहून दहा जण गाडी करून आले आणि रुचिता स्कूटरवरून कर्जत-नेरळमार्गे कळंबला पोचली. भागूबाई पायरीवर उभ्या राहून आलेल्या प्रत्येकाला म्हणत होत्या, "या, चाचणेसाहेब." रश्शाला झणका असा होता, की विकास बराच वेळ नुसता पाणी पीत बसला.

रविवारी सकाळी भागूबाईंनी रुचिताला फोनवर तीच साइट उघडून दाखवली. "पावन्यांचं बुकिंग मी बी करते कदी कदी. हे बटान लवकर मानत नाय. म्हनून असं चार-पाचदा दाबायचं."

रुचिता सावरून बसली. तिचा प्रोग्राम शहाण्यासारखा एकदाच दाबायचा. असं कुणी दाबत असेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. "मावशी, एकदा करून दाखवता?"

भागूबाईंनी दणादण दाबलं. एका पाहुण्याच्या नावावर तीन खोल्या पडल्या. जादा दोन दोघींनी लगेच रद्द केल्या.

सोमवारी रुचिताने नवी अट लिहिली: पहिल्यांदा दाबल्यावर बटण बंद होईपर्यंत, म्हणजे ते दुसऱ्यांदा दाबता येणार नाही असं होईपर्यंत, थांब. सरावाच्या साइटचा पत्ता दोनदा वाचून मगच तिने चाचणी चालवली. पडली. बटण बंद होतच नव्हतं. या खेपेला दोष साइटचाच होता. तक्रारीत 'कोणाला आढळलं' या रकान्यात तिने लिहिलं: भागूबाई, कळंब.

साइटवाल्यांचं उत्तर संध्याकाळी आलं. 'धन्यवाद, भागूबाई मॅडम. दोन दिवसांत दुरुस्त करतो.' रुचिताने ते कळंबला फोन करून वाचून दाखवलं.

"म्याडम म्हनले?" भागूबाईंनी विचारलं. "पुन्यांदा वाच बघू."